हायस्कूलचे गुण साधारण असताना अमेरिकेतील नामांकित विद्यापीठात ट्रान्सफर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हायस्कूलचा जीपीए (चारपैकी मोजला जाणारा सरासरी गुणांक) तीनच्या आसपास किंवा त्याखाली राहिला, मनातल्या विद्यापीठात फ्रेशमन म्हणजे पहिल्या वर्षाचा विद्यार्थी म्हणून प्रवेश मिळाला नाही, आणि आता कॉलेजात अभ्यासाची गाडी रुळावर आली आहे, अशा विद्यार्थ्यांकडून व त्यांच्या पालकांकडून जे प्रश्न सातत्याने येतात ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला मूलभूत प्रश्न आहेत आणि अपवादांचे प्रश्न शेवटी आहेत. मुदती आणि किमान गुणांच्या अटी दरवर्षी थोड्याफार बदलतात, त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी त्या त्या विद्यापीठाचे चालू वर्षाचे निकष वाचणे आवश्यक आहे.

१. ट्रान्सफर म्हणजे नेमके काय, आणि तो फ्रेशमन प्रवेशापेक्षा वेगळा कसा?

हायस्कूल पूर्ण झाल्यावर एखाद्या कॉलेजात नियमित सेमिस्टर सुरू केलेला विद्यार्थी पदवी पूर्ण करण्यासाठी दुसऱ्या विद्यापीठात जातो, तेव्हा त्याला ट्रान्सफर म्हणतात. त्याच्या अर्जांची छाननी वेगळी होते, जागा वेगळ्या असतात आणि मुदतीही वेगळ्या असतात. खासगी विद्यापीठांच्या फॉल सत्रासाठीच्या मुदती बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात, तर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा म्हणजे यूसीचा अर्ज आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच भरावा लागतो. एक वर्ष संपवून येणारा विद्यार्थी सोफोमोर ट्रान्सफर होतो आणि दोन वर्षे, म्हणजे साधारण ६० सेमिस्टर क्रेडिट (कोर्स पूर्ण केल्यावर मिळणारी श्रेयांके), संपवून येणारा ज्युनियर ट्रान्सफर होतो. हा फरक वरवर किरकोळ दिसत असला, तरी हायस्कूलचे गुण साधारण असणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे. त्याचे कारण प्रश्न ३ मध्ये दिले आहे.

२. कॉलेजात गेल्यावर हायस्कूलचे गुण पुसले जातात का?

पुसले जात नाहीत, पण त्यांचे वजन कमी होत जाते. ते किती कमी होते हे दोन गोष्टींवर ठरते: अर्जाच्या वेळी हातात कॉलेजचे किती क्रेडिट आहेत, आणि अर्ज कोणत्या प्रकारच्या विद्यापीठाकडे जातो आहे.

यूसीसारख्या मोठ्या सार्वजनिक विद्यापीठात ज्युनियर ट्रान्सफरची निवड मुख्यत्वे कॉलेजातील हस्तांतरणीय (नव्या विद्यापीठात ग्राह्य धरले जाणारे) कोर्स, त्यांतील गुण आणि मेजरची म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाची पूर्वतयारी यांवर होते. तेथे हायस्कूलमध्ये रसायनशास्त्रात सी मिळाला होता की बी, याने फारसा फरक पडत नाही. कॉर्नेलसारखी खासगी विद्यापीठे मात्र ट्रान्सफर अर्जासोबतही हायस्कूलची ट्रान्स्क्रिप्ट म्हणजे अधिकृत गुणपत्रक मागतात आणि ती वाचतातही. पण ती वाचताना त्यांच्यासमोरचा प्रश्न बदललेला असतो. फ्रेशमन अर्जात तीच ट्रान्स्क्रिप्ट ‘हा विद्यार्थी कॉलेजचा अभ्यास पेलू शकेल का’ याचा मुख्य पुरावा असते. ट्रान्सफर अर्जात त्या प्रश्नाचे उत्तर कॉलेजच्या गुणांनी आधीच दिलेले असते आणि हायस्कूलची ट्रान्स्क्रिप्ट पार्श्वभूमी म्हणून उरते. म्हणूनच पाटी कोरी झाली असे समजून बेफिकीर राहणे जितके चूक, तितकेच त्या जुन्या गुणांनी आपले भवितव्य ठरवून टाकले असे मानणेही चूक आहे. ही दुसरी समजूत अधिक नुकसान करते, कारण तिच्यापायी अनेक पात्र विद्यार्थी अर्जच करत नाहीत.

३. एका वर्षानंतर अर्ज करावा की दोन वर्षांनंतर?

हायस्कूलचे गुण साधारण असतील तर बहुतेकांसाठी दोन वर्षांनंतरच, असे माझे स्पष्ट मत आहे. सोफोमोर ट्रान्सफरसाठी मार्चमध्ये अर्ज जातो तेव्हा कॉलेजचे एकच सेमिस्टर पूर्ण झालेले असते. प्रवेश कार्यालयासमोर एका बाजूला हायस्कूलची चार वर्षे आणि दुसऱ्या बाजूला चार-पाच कोर्सचे गुण असतात. त्या चार-पाच कोर्समध्ये सगळीकडे ए मिळाला, तरी हा बदल टिकाऊ आहे की पहिल्या सेमिस्टरचा उत्साह आहे, हे कोणालाही सांगता येत नाही. ज्युनियर ट्रान्सफरच्या अर्जात तीन पूर्ण सेमिस्टर असतात आणि चौथे चालू असते.

आकडेमोड करून पाहिल्यास फरक स्पष्ट होतो. समजा, प्रत्येक सेमिस्टरला १५ क्रेडिट आहेत आणि पहिल्या सेमिस्टरमध्ये, नवीन वातावरणाशी जुळवून घेताना, जीपीए २.८ आला. एका वर्षानंतर अर्ज करणाऱ्याकडे दाखवायला तेवढाच आकडा आहे. दोन वर्षांनंतर अर्ज करणाऱ्याने पुढची दोन सेमिस्टर ३.८ ने पार पाडली, तर एकूण गुणांक ४२ अधिक ५७ अधिक ५७ म्हणजे १५६, भागिले ४५ क्रेडिट, म्हणजे ३.४७ होतो. शिवाय चढता आलेख ट्रान्स्क्रिप्टवर ठळकपणे दिसतो, तो निराळाच.

याला अपवाद आहेत. ज्या मेजरचा अभ्यासक्रम पहिल्या वर्षापासूनच साखळीने बांधलेला असतो, उदाहरणार्थ वास्तुकला, तेथे दोन वर्षे थांबल्यास पदवी लांबू शकते. तसेच काही विद्यापीठे फ्रेशमन अर्ज नाकारताना निवडक विद्यार्थ्यांना ठराविक अटींवर पुढील वर्षीच्या जागेचा प्रस्ताव देतात. कॉर्नेलचा ‘ट्रान्सफर ऑप्शन’ हे त्याचे माहितीतले उदाहरण आहे. असे पत्र हातात असेल, तर त्यातील अटी पाळून एका वर्षातच अर्ज करावा.

४. कम्युनिटी कॉलेजातून (पहिल्या दोन वर्षांचे शिक्षण देणाऱ्या सार्वजनिक कॉलेजातून) अर्ज केला तर नामांकित विद्यापीठे कमी लेखतात का?

नाही. किंबहुना सार्वजनिक विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी उलट परिस्थिती आहे. यूसीच्या धोरणात कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांना इतर सर्व ट्रान्सफर अर्जदारांच्या आधी प्राधान्य आहे आणि दर दोन नव्या फ्रेशमनमागे एक ट्रान्सफर विद्यार्थी घेण्याचे उद्दिष्ट आहे. या व्यवस्थेचा पाया राज्याच्या १९६० च्या उच्चशिक्षण आराखड्यात घातला गेला.

खरी अडचण निराळी आहे. कम्युनिटी कॉलेजात प्रवेशाला अडसर नसल्यामुळे वर्गात सर्व स्तरांचे विद्यार्थी असतात, आणि अभ्यासाची गती स्वतःच राखावी लागते. ऑनर्स म्हणजे अधिक कठीण अभ्यासाचा कार्यक्रम असल्यास त्यात नाव नोंदवावे. यूसीएलएच्या (यूसीच्या लॉस एंजेलिस कॅम्पसच्या) ‘ट्रान्सफर अलायन्स प्रोग्रॅम’मध्ये सहभागी असलेल्या कॉलेजांतील असा कार्यक्रम पूर्ण करणाऱ्यांना तेथे प्राधान्याने विचारात घेतले जाते. चार वर्षांच्या एखाद्या विद्यापीठात आधीच प्रवेश घेतला असेल, तर ते सोडून कम्युनिटी कॉलेजात जावे का, हे मात्र पुढच्या दोन प्रश्नांची उत्तरे वाचून ठरवावे.

५. ‘हमखास प्रवेश’ देणारे करार खरे असतात का?

खरे असतात, पण प्रत्येकाच्या मर्यादा आहेत आणि त्या बारकाईने वाचाव्या लागतात. यूसीच्या ‘ट्रान्सफर अ‍ॅडमिशन गॅरंटी’ म्हणजे टॅग योजनेत सहा कॅम्पस आहेत: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो यांत नाहीत. विद्यार्थ्याला एकाच कॅम्पसचा टॅग घेता येतो, त्याचा अर्ज सप्टेंबरमध्ये भरावा लागतो, आणि त्यानंतर यूसीचा नेहमीचा अर्जही वेगळा भरावा लागतो. टॅग मंजूर झाल्यावर नेहमीचा अर्ज भरलाच नाही तर हमी रद्द होते, आणि ही चूक दिसते तितकी दुर्मिळ नाही. मागणी असलेली काही मेजर योजनेबाहेर ठेवलेली आहेत. उदाहरणार्थ, सांता बार्बराच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला टॅग लागू नाही. टॅग घेतलेला असतानाही बर्कली किंवा यूसीएलएला अर्ज करता येतो. एक जागा पक्की करून ठेवावी आणि मग अवघड ठिकाणीही प्रयत्न करावा, अशी ही उत्तम सोय आहे.

कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीसाठी ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर’ ही कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी आहे, जी २०१० च्या राज्य कायद्याने अस्तित्वात आली; तिने त्या विद्यापीठसमूहात जागा मिळते, पण अमुकच कॅम्पस मिळेल याची खात्री नसते. फ्लोरिडातही असेच आहे: राज्याच्या महाविद्यालयांतील असोसिएट इन आर्ट्स पदवीधरांना राज्य विद्यापीठांपैकी एकात प्रवेशाची हमी आहे, विशिष्ट विद्यापीठाची नाही. व्हर्जिनियात मात्र कम्युनिटी कॉलेजांचे युनिव्हर्सिटी ऑफ व्हर्जिनिया, विल्यम अँड मेरी आणि व्हर्जिनिया टेक यांच्याशी थेट करार आहेत, ज्यांत असोसिएट पदवी आणि ठरावीक जीपीए गाठल्यास त्या विद्यापीठात प्रवेश मिळतो. हायस्कूलमध्ये मागे पडलेल्या आणि या राज्यांत राहणाऱ्या विद्यार्थ्याने सर्वप्रथम या करारांचाच विचार करावा.

६. कोणते कोर्स घ्यावेत हे कसे ठरवायचे?

लक्ष्य असलेल्या विद्यापीठापासून मागे येत ठरवावे. कॉलेजच्या पदवीच्या गरजा आणि ट्रान्सफरच्या गरजा एकच नसतात. कॅलिफोर्नियात यासाठी ‘असिस्ट’ हे अधिकृत संकेतस्थळ आहे. त्यावर आपले कॉलेज, लक्ष्य कॅम्पस आणि मेजर निवडले की दोन रकान्यांचे पान उघडते: एका बाजूला विद्यापीठाचा कोर्स, दुसऱ्या बाजूला आपल्या कॉलेजातील समकक्ष कोर्स. हे पान वाचताना घाई करू नये. समजा, विद्यापीठाच्या भौतिकशास्त्राच्या मालिकेसमोर आपल्या कॉलेजचे तीन कोर्स ‘आणि’ या शब्दाने जोडलेले आहेत. त्यांपैकी दोनच पूर्ण केले तर दोन कोर्सचे श्रेय मिळेल असे गृहीत धरता येत नाही, कारण तो करार संपूर्ण मालिकेचा आहे. अशी मालिका अर्धी एका कॉलेजात आणि अर्धी दुसऱ्या कॉलेजात करणे म्हणूनच धोक्याचे असते. काही कोर्ससमोर ‘समकक्ष कोर्स उपलब्ध नाही’ असा शेरा असतो. तेव्हा जवळच्या दुसऱ्या कम्युनिटी कॉलेजात तो आहे का ते पाहावे.

यूसीत प्रवेशासाठी किमान सात हस्तांतरणीय कोर्सचा साचा आहे: इंग्रजी लेखनाचे दोन, गणिताचा एक, आणि उरलेले चार कला व मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे, विज्ञान यांपैकी किमान दोन क्षेत्रांतून. संगणकशास्त्र, अभियांत्रिकी, अर्थशास्त्र अशा मेजरसाठी हे पुरेसे नसते. तेथे कॅल्क्युलसची मालिका अपूर्ण असलेला ३.९ जीपीए, ती पूर्ण असलेल्या ३.६ पुढे फिका पडू शकतो. म्हणून गणिताची मालिका पहिल्याच सेमिस्टरला सुरू करावी. ती एक सेमिस्टर उशिरा सुरू झाली, तर पुढचे सगळे वेळापत्रक मागे सरकते.

७. किती जीपीए पुरेसा असतो?

किमान आकडा आणि स्पर्धेत टिकणारा आकडा यांत मोठे अंतर आहे. यूसीची किमान अट कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांसाठी २.४ आणि इतरांसाठी २.८ आहे, परंतु बर्कली किंवा यूसीएलएच्या मागणी असलेल्या मेजरमध्ये त्या आकड्याच्या जवळपास प्रवेश मिळेल अशी आशा धरू नये. अत्यंत निवडक विद्यापीठांसाठी ३.७ च्या वरचे लक्ष्य ठेवावे, आणि आकड्याइतकेच मेजरशी संबंधित कोर्समधील गुण पाहिले जातात हे ध्यानात ठेवावे.

८. कॉलेजच्या पहिल्या सेमिस्टरमध्येच एका कोर्सात डी आला. आता सगळे संपले का?

नाही, परंतु निर्णय लवकर घ्यावा. यूसीत ‘सी’पेक्षा कमी श्रेणी मिळालेला कोर्स पुन्हा करता येतो आणि जीपीएच्या हिशेबात नवी श्रेणी धरली जाते. अनेक खासगी विद्यापीठे मात्र दोन्ही श्रेणी पाहतात. तरीही तो कोर्स मेजरसाठी आवश्यक असल्यास पुन्हा करावाच, कारण त्याच विषयात डीनंतर आलेला ए बरेच काही सांगून जातो. सेमिस्टर चालू असतानाच परिस्थिती हाताबाहेर जात असेल, तर मुदतीच्या आत कोर्स सोडून ‘डब्ल्यू’ (कोर्स सोडल्याची नोंद) घेणे हे एफपेक्षा केव्हाही बरे. एखादी डब्ल्यू असल्याने अर्ज अडत नाही; दर सेमिस्टरला डब्ल्यू दिसू लागल्या, तर शंका घेतली जाते. आर्थिक मदत किंवा व्हिसा असणाऱ्यांनी कोर्स सोडण्यापूर्वी प्रश्न १२ आणि १३ पाहावेत.

९. हार्वर्ड, प्रिन्स्टन अशा विद्यापीठांत ट्रान्सफर शक्य आहे का?

शक्य आहे, पण जागा फार थोड्या आहेत. हार्वर्डमध्ये वर्षाला साधारण डझनभर ट्रान्सफर विद्यार्थी घेतले जातात. प्रिन्स्टनने १९९० नंतर ट्रान्सफर प्रवेश बंदच ठेवले होते आणि २०१८ मध्ये ते पुन्हा सुरू केले, तेही कम्युनिटी कॉलेजचे विद्यार्थी, माजी सैनिक आणि अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थी यांच्यावर विशेष भर देऊन. त्या मानाने कॉर्नेल दरवर्षी शेकडो, तर यूसीएलए आणि बर्कली हजारो ट्रान्सफर विद्यार्थ्यांना प्रवेश देतात. विद्यापीठ किती निवडक आहे हे फ्रेशमन प्रवेशाच्या टक्केवारीवरून ओळखायची सवय झालेली असते. ट्रान्सफरसाठी यादी करताना मात्र ते विद्यापीठ किती ट्रान्सफर विद्यार्थी घेते, हा आकडा आधी पाहावा.

१०. निबंधात हायस्कूलच्या कमी गुणांबद्दल लिहावे का?

कारण ठोस असेल, जसे की आजारपण, घरातील जबाबदारी किंवा वारंवार बदललेल्या शाळा, तर दोन-तीन वाक्यांत आणि तक्रारीचा सूर न लावता लिहावे. ठोस कारण नसेल, केवळ लक्ष नव्हते असे असेल, तर ते प्रामाणिकपणे एका वाक्यात सांगून पुढे जावे किंवा मुळीच लिहू नये. ट्रान्सफरच्या निबंधाचा मुख्य विषय हा नाहीच. आपल्याला काय शिकायचे आहे, सध्याच्या कॉलेजात ते कोठवर शिकता आले आणि पुढचा टप्पा याच विद्यापीठात का शक्य आहे, हे वाचणाऱ्याला कळायला हवे. ‘आपल्या विद्यापीठाची कीर्ती ऐकून’ असे लिहिण्यापेक्षा, तेथील अमुक प्रयोगशाळेत किंवा अमुक कोर्समध्ये जो प्रश्न हाताळला जातो तो मला सध्याच्या वर्गात कोठे भेटला, हे लिहिणे कितीतरी परिणामकारक ठरते. सध्याच्या कॉलेजची निंदा करू नये.

११. शिफारसपत्रे आणि एसएटी ही प्रवेश परीक्षा लागतात का?

यूसी शिफारसपत्रे मागत नाही आणि एसएटीचे गुणही विचारात घेत नाही. खासगी विद्यापीठे बहुधा कॉलेजच्या प्राध्यापकांची एक किंवा दोन पत्रे आणि चालू सेमिस्टरच्या गुणांचा मध्यावधी अहवाल मागतात. मोठ्या वर्गात प्राध्यापक नावाने ओळखत नाहीत, म्हणून पहिल्याच महिन्यापासून त्यांच्या भेटीच्या तासांना जाण्याची सवय लावून घ्यावी.

१२. खर्चाचे काय? ट्रान्सफर विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळते का?

गुणवत्तेवर आधारित शिष्यवृत्त्या ट्रान्सफर विद्यार्थ्यांसाठी फ्रेशमनच्या तुलनेत कमी असतात, हे आधीच गृहीत धरून कुटुंबाने हिशेब मांडावा. बचतीची खरी संधी पहिल्या दोन वर्षांत आहे: कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात रहिवाशांना दर युनिटला (म्हणजे क्रेडिटला) ४६ डॉलर शुल्क आहे, म्हणजे ६० युनिटचे शुल्क २,७६० डॉलर होते. राज्याबाहेरील आणि परदेशी विद्यार्थ्यांना यापेक्षा बरेच अधिक द्यावे लागते. जॅक केंट कुक फाउंडेशनची कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठीची ट्रान्सफर शिष्यवृत्ती वर्षाला ५५,००० डॉलरपर्यंत असू शकते, पण तिच्यासाठी स्पर्धा तीव्र आहे. पेल ग्रँट, म्हणजे अल्प उत्पन्न गटासाठीचे संघराज्य सरकारचे अनुदान, आयुष्यभरात पूर्णवेळ १२ सेमिस्टरइतकीच मिळते, त्यामुळे वाया गेलेल्या कोर्सची किंमत पदवीच्या शेवटच्या वर्षात जाणवते.

१३. मी एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहे. ट्रान्सफर करताना व्हिसाला धोका पोहोचतो का?

पद्धतशीर केल्यास नाही. नव्या विद्यापीठाचे प्रवेशपत्र आल्यावर सध्याच्या कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला सांगून सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीतील) नोंद नव्या विद्यापीठाकडे वळवण्याची तारीख ठरवावी लागते. त्यानंतर नवे विद्यापीठ नवीन आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारे पात्रतापत्र, देते, आणि पुढचे सत्र पाच महिन्यांच्या आत सुरू व्हावे लागते. तोवर दर सेमिस्टरला पूर्णवेळ, म्हणजे किमान १२ क्रेडिट, अभ्यास सुरू असला पाहिजे, आणि त्या हिशेबात पूर्णपणे ऑनलाइन असलेला एकच कोर्स धरला जातो. त्यामुळे प्रश्न ८ मध्ये सांगितलेली डब्ल्यू घेण्यापूर्वी त्या कार्यालयाची परवानगी घेणे अनिवार्य समजावे. एफ-१ विद्यार्थ्यांना संघराज्य सरकारची आर्थिक मदत मिळत नाही, आणि बहुसंख्य विद्यापीठांत मदत मागितल्याचा प्रवेशाच्या निर्णयावर परिणाम होऊ शकतो.

१४. हायस्कूलमध्ये असतानाच मुलीने कॉलेजचे ३० क्रेडिट मिळवले. ती ट्रान्सफर धरली जाईल का?

सर्वसाधारणपणे नाही. हायस्कूल पूर्ण होण्यापूर्वी ड्युअल एन्रोलमेंटमधून, म्हणजे हायस्कूलसोबतच कॉलेजचे कोर्स करून, मिळवलेल्या क्रेडिटमुळे विद्यार्थी ट्रान्सफर होत नाही. तो फ्रेशमन म्हणूनच अर्ज करतो. यूसीच्या नियमानुसार हायस्कूलनंतरच्या लगतच्या उन्हाळ्यात एखादा कोर्स केल्यानेही हा दर्जा बदलत नाही, नियमित सत्रात नाव घातल्यावर बदलतो. यातली दुसरी बाजू अनेकांच्या लक्षात येत नाही: ड्युअल एन्रोलमेंटमधील श्रेणी ही कॉलेजची श्रेणी असते, ती कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवर कायम राहते आणि पुढे ट्रान्सफरच्या जीपीएमध्ये मोजली जाते. सोळाव्या वर्षी मिळालेली सी त्यामुळे विसाव्या वर्षी समोर येऊ शकते.

१५. पूर्वी एका कॉलेजात एक सेमिस्टर केले, गुण वाईट होते आणि मी सोडून दिले. ते अर्जात न दाखवता चालेल का?

चालणार नाही. शिकलेल्या प्रत्येक कॉलेजची ट्रान्स्क्रिप्ट देणे बंधनकारक असते आणि माहिती दडवल्याचे उघड झाल्यास मिळालेला प्रवेश, कधी कधी पदवीही, रद्द होऊ शकते. ते सेमिस्टर दाखवावे आणि मध्ये काय बदलले ते प्रश्न १० मधील पद्धतीने थोडक्यात सांगावे. मध्ये काही वर्षे गेली असतील, तर काही ठिकाणी ही खंडित वाटच जमेची ठरते: कोलंबिया विद्यापीठाचे ‘स्कूल ऑफ जनरल स्टडीज’ प्रामुख्याने शिक्षणात एक वर्ष किंवा अधिक खंड पडलेल्यांसाठी आहे, आणि येलचा ‘एलाय व्हिटनी’ कार्यक्रम एकूण पाच वर्षे किंवा अधिक खंड पडलेल्यांसाठी आहे.

१६. क्रेडिट फार जास्त झाले तर अडचण येते का?

येऊ शकते. बहुतेक निवडक विद्यापीठांत किमान दोन वर्षांचा अभ्यास त्यांच्याकडेच करावा लागतो, त्यामुळे तीन वर्षे संपवून येणाऱ्याचे बरेच क्रेडिट वाया जातात. यूसीत कम्युनिटी कॉलेजच्या क्रेडिटची मोजणी ७० सेमिस्टर युनिटवर थांबते, म्हणून फक्त कम्युनिटी कॉलेजात शिकलेला विद्यार्थी जास्त युनिटमुळे अपात्र ठरत नाही. चार वर्षांच्या विद्यापीठातून येणाऱ्याला मात्र हा प्रश्न भेडसावू शकतो.

१७. ट्रान्सफर झाल्यावर जुना जीपीए मागे राहतो का?

नव्या विद्यापीठात बहुधा क्रेडिट येतात, श्रेणी येत नाहीत, आणि जीपीए नव्याने सुरू होतो. मात्र त्याआधी एक टप्पा पार करावा लागतो: प्रवेशपत्र सशर्त असते. शेवटच्या सेमिस्टरमध्ये गुण घसरले किंवा अर्जात लिहिलेला कोर्स न कळवता सोडला, तर प्रवेश रद्द होऊ शकतो, म्हणून कोणताही बदल त्याच आठवड्यात लेखी कळवावा. पुढे कायदा किंवा वैद्यकीय शिक्षणासाठी अर्ज करायचा असल्यास सर्व कॉलेजांच्या श्रेणी पुन्हा एकत्र मोजल्या जातात, आणि कम्युनिटी कॉलेजातील पहिल्या सेमिस्टरची श्रेणीही त्यात धरली जाते. हायस्कूलची ट्रान्स्क्रिप्ट त्या अर्जांत कोणी मागत नाही.